सुपाशेजारची वाटी

विडी घरकुलात, तिसऱ्या गल्लीत,
दुपारी अडीचला पत्रा इतका तापतो
की आतली माणसं बोलतही नाहीत.
राजेश्वरी येमूल मांडीवर सूप घेऊन.
कात्री, पान, पानात तंबाखू, बोटांचा वळसा, दोरा.
मी आढ्याच्या हुकाला वजनकाटा अडकवते.
श्रीकर. चौदा महिने. सात किलो तीनशे.
दंडाला पट्टी: पिवळा.

"तिंटलेडू," म्हणते ती. खातच नाही.

मग मी म्हणाले ते सगळं
जे अकरा वर्षं म्हणत आलेय:
दिवसातून चार वेळा, मऊ पण घट्ट,
वरून तेल, आणि अंगावरचं तोडू नको.
ती मान हलवत होती.
मान हलताना विड्या होत होत्या,
माझ्या एका वाक्याला तिची एक.

त्या दिवशी रजिस्टर मिटलं नि तिथंच बसले.
का, ते नीट सांगता येणार नाही.
बाहेर ऊन होतं, हे एक.

बसल्यावर दिसायला लागलं.
खाटेच्या पायाला जुनी साडी, साडीला श्रीकर.
हातात कडक भाकरीचा तुकडा;
तासभर चोखला, पोटात गेली ती लाळ.
चारला चहात बुडवलेलं बिस्किट.
मग शाळेतून आलेल्या हारिकानं फोडलेलं
पाच रुपयांचं चुरचुरीत पुडकं.
दिवेलागणीला हारिकाच्याच ताटात त्याचा हात,
वरणाचं वरचं पाणी त्याला, बुडचं तिला.
लहान हाय, हलकं बरं, म्हणाली नरसव्वा,
आणि ती वाईट बाई नाही.
तिनं पाच पोरं अशीच वाढवली.
तीन.
दोघांचं कुणी विचारत नाही. मीही नाही.

किती खाल्लं त्यानं?
कुणाला ठाऊक. ताट रिकामं होतं.
ताट रोजच रिकामं होतं.
हजारात किती छाट निघाल्या
हे जिला झोपेतही सांगता येतं,
तिला हे सांगता येईना,
आणि पहिल्यांदाच तिचे हात थांबले.

दुसऱ्या दिवशी वाटी नेली. माझ्याच घरची,
काठाला पोचा पडलेली.
ही ह्याची. ह्यात दुसऱ्या कुणाचा हात नाही.
बुडच्या वरणात मऊ भाकरी कुस्करली,
शेंगांचा बारीक कूट, पळीच्या टोकाएवढं तेल.
चमचा तिरका धरून दाखवला:
सांडलं, तर पाणीच ते.
आणि हात, म्हणाले.
पाणी चौथ्या दिवशी येतं, तरी तिनं तीनदा धुतले.
तंबाखूचा वास राहिला. तो राहतोच.

पहिला घास थुंकला. दुसराही.
तिसऱ्याला तिनं सूप खाली ठेवलं
आणि त्याच्याकडे बघत राहिली, नुसती.
त्यानंही बघितलं.
मग तोंड उघडलं.

एका वाटीला वीस मिनिटं लागली.
वीस मिनिटं म्हणजे चाळीस विड्या.
तीन वाट्या, एकशेवीस.
हे गणित माझ्या रजिस्टरात नाही.
कुणाच्या आहे, शोधते आहे.

मधे सर्वेक्षण, मग डोस, मग मीटिंगा.
दीड महिन्यानं गेले तर तिनं
डब्याच्या झाकणातून एक दोरा काढला,
विडीचाच, गाठी मारलेला.
पट्टी तुमच्याकडं असते ना,
मी शुक्रवारी शुक्रवारी दंडाला लावून बघते.
पहिल्या तीन गाठी एकीवर एक,
मधे जुलाब झाले होते.
शेवटची पुढे सरकलेली,
तांदळाच्या दाण्याएवढी.

माझी पट्टी अजून पिवळंच म्हणत होती.
मी लिहिलं: पिवळा.
मग दोरा तिच्या हातातून घेऊन
त्या मोकळ्या जागेवरून अंगठा फिरवला.

तिकडे चुलीपाशी नरसव्वा
आमच्याकडे पाठ करून बसलेली,
मांडीवर श्रीकर, गुडघ्यावर पोचलेली वाटी.
बोलत नव्हती काही.
चमचा तिरका धरून
सांडतंय का बघत होती.